स्की इन्स्ट्रक्टर ट्रेनिंगला चालले आहे: काय विकत घ्यावं, काय भाड्याने?

उपवनकाठी
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका शाळेत पीटी शिकवते. गुलमर्गच्या आयआयएसएम या स्कीइंग संस्थेतून बेसिक आणि इंटरमीडिएट कोर्स झालेत. आता जुलैत न्यूझीलंडला जाते आहे, वानाकाजवळच्या कार्ड्रोनाला, एनझेडएसआयए या तिथल्या इन्स्ट्रक्टर संघटनेच्या लेव्हल १ च्या तयारीसाठी. पूर्ण सीझन तिथेच. शाळेने बिनपगारी रजा मंजूर केली, त्यामुळे आता माघार नाही.

आजवर सगळं सामान भाड्याचं वापरलं. बजेट सव्वा लाख, त्यात कपडेही बसवायचेत. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. भिंतीला टाच टेकवून पाऊल मोजलं तर २४.३ सेंमी भरतं. भाड्याचे बूट मात्र नेहमी २५.५ चे मिळायचे आणि वळताना टाच आतल्या आत उचलली जायची.

ट्रेकिंग ग्रुपमधले एक दादा म्हणतात, इन्स्ट्रक्टर व्हायचंय तर १२० फ्लेक्सच्या (फ्लेक्स म्हणजे बूट किती ताठ आहे त्याचा आकडा) खाली बघूच नकोस. शिवाय कोपरीला ओळखीच्या एका काकांकडे परदेशातून आणलेले बूट आहेत, २४.५ चे. फारसे वापरलेले नाहीत, आठ-दहा वर्षं माळ्यावर आहेत, अगदी किरकोळ पैशांत देतायत. घेऊ का? आणि स्की इथूनच नेऊ की तिथे भाड्याने घेऊ? जाणकारांनी सांगावं.

अफरवटवेडा
अभिनंदन! स्की स्वतःचीच हवी. कंबर, म्हणजे स्कीची मधली रुंदी, १०० मिमीच्या वरची बघा. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट शिखराला उतरलं की मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ असतो, तिथे अरुंद स्की बुडते. माझी १०६ ची आहे आणि मला दुसरी नको.

घोडबंदर_ते_औली
अफरवटवेडा म्हणतात ते गुलमर्गपुरतं अगदी खरं आहे. पण ताई, तुम्ही पावडर, म्हणजे तो भुसभुशीत बर्फ, खेळायला चाललेल्या नाही. लेव्हल १ म्हणजे पहिल्यांदा बर्फावर उभं राहणाऱ्याला शिकवणं. तुमचा निम्मा वेळ स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं), हळू वेगातली वळणं आणि तीच वळणं स्वच्छ करून दाखवणं यात जाणार. न्यूझीलंडचे स्की एरिया बहुतेक झाडांच्या रेषेच्या वर, उघड्यावर आहेत. वारा बर्फ दाबून कडक करतो. तिथे रुंद स्कीची कड पायाच्या रेषेच्या बरीच बाहेर पडते, ती बर्फात रोवायला वेळ लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो. ७० ते ७८ मिमी कंबर, १५५ ते १६० सेंमी लांबी, १३ ते १५ मीटर रेडियस (स्कीच्या कडेच्या वळणाची त्रिज्या), एवढं लक्षात ठेवा. आणि ही स्की तिथे जाऊन पूर्ण सीझनसाठी भाड्याने घ्या. ट्रेनर तुमचं स्कीइंग बघून सांगतील ती सप्टेंबरअखेर विकत घ्या, तेव्हा दुकानांत माल उतरत्या भावाने निघतो.

सगळा जीव बुटांत ओता, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मी हिवाळ्यात औलीला शिकवायला जातो. विद्यार्थ्याचं वळण फसतं तेव्हा माझी नजर आधी टाचेवर जाते. टाच उचलली की तुम्ही नडगीने जे सांगता ते स्कीपर्यंत पोचतच नाही, मग माणूस बोटं आखडून बूट पकडायला बघतो आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात. २४.३ च्या पावलाला २५.५ देणं म्हणजे हेच.

दुकानात आधी बुटाच्या आतला मऊ लायनर काढायला सांगा. नुसत्या प्लास्टिकमध्ये अनवाणी पाय घाला, बोटं पुढे हलकेच टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. साधारण १५ मिमी, म्हणजे एक जाडसर बोट, उरलं तर ठीक. दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा आहे, विक्रेता काहीही म्हणो. बहुतेक कंपन्यांत २४ आणि २४.५ चं बाहेरचं प्लास्टिक एकच असतं, म्हणून तुम्ही तेच बघा. मग लायनर घालून, एकच पातळ लोकरी मोजा चढवून उभ्या राहा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. अर्धा तास तसंच राहा. एकावर एक दोन मोजे अजिबात नकोत, त्याने पाय सरकतो आणि उलट गारठतो.

फ्लेक्सबद्दल दादांचा सल्ला तुमच्यासाठी नाही. ५८ किलोला १२० चा बूट थंडीत वाकणारच नाही, आणि घोटा वाकला नाही तर स्नोप्लाऊ दाखवणार कसा? ८५ ते १०० च्या दरम्यान बघा. हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, वाकवूनच ठरवा. ठाण्यात मे महिन्यात घालून बघाल तर प्लास्टिक मऊ लागेल, उणे तापमानात तोच बूट ताठ होतो. बायकांच्या बुटांची मागची उंची कमी असते, कारण पोटरीचा स्नायू खालपर्यंत येतो. तेच घ्या.

एकूण काय, बूट वानाका किंवा क्वीन्सटाउनला, बूट फिटरकडूनच, म्हणजे पायाला बूट नीट बसवून देणाऱ्याकडूनच घ्या. निम्मं बजेट तिथे गेलं तरी जाऊ दे. सोल ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वक्र) असेल तर उत्तम, इन्स्ट्रक्टरला दिवसभर चालावं लागतं. फक्त भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) ग्रिपवॉकला चालतं ना, ते विचारा. इथून हेल्मेट न्या, ईएन १०७७ (स्की हेल्मेटचं युरोपियन मानक) लिहिलेलं, आणि नवंच. हातमोज्यांचे दोन जोड न्या. पडलेल्या पोरांना उचलून एक जोड दुपारपर्यंत भिजतो.

खारघरची_टेकडी
काकांच्या बुटांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. फुकट दिले तरी घेऊ नका. बहुतेक स्की बूट पॉलियुरेथेनचे असतात आणि ते हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातं. कपाटात ठेवलेल्या ट्रेकिंग शूजचा सोल एक दिवस भुगा होऊन गळतो ना, कारण तेच. आपल्याकडचे आठ-दहा पावसाळे माळ्यावर काढलेला बूट बाहेरून चकचकीत दिसेल, पण थंडीत उतारावर त्याचे तुकडे होऊ शकतात. तेही वेगात असताना.

परत आल्यावरही हे ध्यानात ठेवा. लायनर काढून पंख्याखाली वाळवा, मग बकल लावून ठेवा म्हणजे आकार बिघडत नाही. स्की घेतलीत तर पावसाळ्याआधी तळाला आणि पोलादी कडांवर जाड वॅक्स थापा, ते खरवडू नका. नाहीतर नवी मुंबईच्या हवेत कडा तांबडी व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक. येऊरला वापरलेले शूज नेणार असाल तर ब्रशने घासून न्या आणि विमानतळावर डिक्लेअर करा. न्यूझीलंडवाले बुटांवरच्या मातीबद्दल फार कडक आहेत.

उपवनकाठी
मनापासून आभार. काकांना नाही म्हणून कळवलं. कोर्स सोमवारी सुरू होतो, मी आधीच्या बुधवारी पोचते. बूट बसवायला एवढे दिवस पुरतील का? उजव्या पायाच्या करंगळीच्या मागचं हाड जरा बाहेर आहे.

घोडबंदर_ते_औली
पुरतील, पण गुरुवारी सकाळीच दुकान गाठा. शुक्रवारी आणि शनिवारी भाड्याच्या स्कीवर ते बूट घाला. हाड दुखलं की संध्याकाळी पायावर बरोबर त्या जागी बॉलपेनने खूण करून फिटरकडे जा. तो तेवढंच प्लास्टिक गरम करून बाहेर काढतो. साइझ मात्र वाढवू देऊ नका.