मदत हवी आहे: मॉडेल नंबरवरून जुन्या वॉशिंग मशीनचं साल कळेल काय?

शहापूरचा रिपेरीवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं रिपेरीचं दुकान आहे. टिळकवाडीतला एक जुना बंगला रिकामा झाला, त्यातली दोन सेमी-ऑटोमॅटिक मशीनं माझ्याकडे आली आहेत. भंगारात घालणारच होतो, तेवढ्यात कोल्हापूरच्या एका शूटिंगवाल्यानं मागितली. त्यांची गोष्ट १९९२ सालच्या घरात घडते आणि गडी भलताच काटेकोर. "साल सांगा, मगच टेम्पो पाठवतो" म्हणतोय.

एकाच्या मागच्या पाटीवर टीव्हीएस व्हर्लपूल आणि पाँडिचेरीचा पत्ता आहे. मॉडेल नंबर निम्मा पुसलाय, '५०' तेवढं वाचता येतं. सिरीयल नंबर धड आहे, पण नेटवरचा तक्ता लावला तर मशीन १९८० चं नाहीतर २०१० चं येतंय! बाजूला इथल्याच एका दुकानाचा स्टिकर आहे, त्यावर फोन नंबर पाच आकडी.

दुसरं गोदरेज-जीई. ते दिसायला जास्त चांगलं आहे, तेच खपलं तर बरं.

कुणी जाणकार सांगाल काय?

उद्यमबागकर

गोदरेज-जीई विसरा. ती भागीदारीच १९९३ ची, मग ९२ च्या घरात ते मशीन येणार कुठून?

टीव्हीएस व्हर्लपूल चालण्यासारखं आहे. व्हर्लपूलनं टीव्हीएसबरोबर भागीदारी केली ती १९८७ च्या सुमारास. पुढे केल्व्हिनेटर घेतलं आणि १९९६ मध्ये सगळं मिळून व्हर्लपूल ऑफ इंडिया झालं. म्हणजे पाटीवर टीव्हीएस आहे तोवर मशीन त्याच आठ-नऊ वर्षांतलं.

मॉडेल नंबरच्या मागे लागू नका. ते '५०' बहुधा पाच किलोचं असणार. एकच मॉडेल कंपन्या वर्षानुवर्षं विकतात, त्यामुळे त्यावरून जात कळते, जन्मसाल नाही. तुमचा तक्ता अमेरिकेतल्या मशीनचा दिसतोय, तिथे सिरीयलमधलं सालाच्या खुणेचं अक्षर तीस वर्षांनी फिरून येतं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एलजीत सिरीयलचा पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे, म्हणजे ५०८ असेल तर ५ नं संपणाऱ्या एखाद्या सालाचा ऑगस्ट, जसं २००५ किंवा २०१५. ते गणित इथे लावू नका.

त्यापेक्षा मशीन उघडा. ड्रायरचं झाकण, पॅनेलची आतली बाजू, टबचा तळ, अशा प्लास्टिकच्या भागांवर साच्याचा छाप शोधा. घड्याळासारखं गोल असतं: कडेला १ ते १२, मध्ये सालाचे दोन आकडे, आणि बाण महिन्याकडे. मोटारीची पाटी आणि कपॅसिटरही (मोटारीसाठी वीज साठवणारा भाग) बघा, पण कपॅसिटर आपल्याकडे व्होल्टेजच्या खेळात हमखास बदललेला असतो, त्यावर भिस्त नको. आणि प्लग काढला तरी कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा, म्हणजे त्यातली साठलेली वीज काढून टाका, हे तुम्हाला सांगायला नको.

खानापूरची सून

स्टिकरबद्दल थोडं. २००२-०३ च्या आसपास बीएसएनएलनं नंबरांपुढे २ लावला, तोवर बेळगावचे नंबर सहा आकडी होते. पाच आकडी त्याच्याही आधीचे, म्हणजे स्टिकर जुना हे नक्की. फक्त तो विकणाऱ्याचा की नंतर दुरुस्ती करणाऱ्याचा, ते बघा. तुम्ही लोक पण स्टिकर चिकटवताच की!

शहापूरचा रिपेरीवाला

चिकटवतो की! पण हा स्टिकर विकणाऱ्याचाच, खाली 'अधिकृत विक्रेते' आहे.

उघडलं. झाकणावर ९१, बाण ११ वर. टबाच्या तळाला पण ९१. पॅनेलच्या आत मात्र ९३, बाण २ वर. आता हे मशीन कधीचं धरायचं?

उद्यमबागकर

पॅनेलचे स्क्रू बघा. स्क्रूड्रायव्हर लागल्याच्या खुणा असतील आणि बाकीच्या स्क्रूंपेक्षा वेगळे असतील, तर पॅनेल नंतर बसवलंय आणि मशीन ९१ च्या अखेरीचं किंवा ९२ चं. सगळे एकसारखे असतील, तर ते ९३ च्या फेब्रुवारीआधी जुळलेलंच नाही. मग कोल्हापूरला तसं स्पष्ट सांगा.

शहापूरचा रिपेरीवाला

चारपैकी दोन स्क्रू पितळी आहेत, बाकी मशीनभर एकही पितळी नाही. फोटो काढून पाठवतो त्यांना.