दुकानाचा सायरन रात्री उगंच वाजालाय, सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

लक्ष्मीपुरीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान हाय, मागं गोडाऊन, तिथं हालचाल पकडणारे दोन पीआयआर सेन्सर आणि एक हूटर, म्हणजे भोंगा. गेले तीन आठवडे रात्री एक-दोनला वाजतोय, गाडी काढून यायचं, शटर उघडायचं, तर आत पोत्यांच्या थप्पीवर मांजर. पहिल्यांदा शेजारचे काका काठी घेऊन बाहेर आलते, आता फोनवरच म्हणतात "तुझंच वाजालंय, बंद कर जा". बसवणाऱ्यानं सेन्सरच्या आतला सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू पार कमीला फिरवला. झोप लागली, पण सकाळी टेस्ट मोडला टाकून सेन्सरकडं चालत गेलो तर लाल लाईट पेटलीच नाही. मधलं काय असतंय का नाही?

वायरमन_उद्यमनगर:
भावा, नुसत्या स्क्रूच्या नादाला लागू नको. पीआयआरला माणूस दिसत नाही, ऊब हललेली कळत्या. लेन्सचे पट्टे असतात, एकातनं दुसऱ्यात ऊब सरकली की पल्स, म्हणजे एक इशारा. त्यामुळं आडवं गेलं की लगेच पकडतोय आणि सरळ त्याच्याकडं चालत गेलं की उशिरा, तू नेमका तसाच गेलास. स्क्रू परत मध्यावर आण. झाकण काढलंस की बहुतेक मॉडेलात पल्सचा छोटा जंपर (पिनांवर बसवायची टोपी) असतोय, किती पल्स आल्यावर वाजायचं ते त्यावर ठरतंय, तो १ वर असला तर २ वर टाक. आणि ते "पेट इम्यून" वगैरे लिहिलेलं असतंय ते जमिनीवरनं फिरणाऱ्या जनावरासाठी, तुझं मांजर थप्पीवर चढून सेन्सरच्या तोंडासमोर आलंय, मग ते माणसाएवढंच वाटणार की. थप्पी तरी खाली घे, नाहीतर सेन्सरची जागा बदल.

कॅमेरेवाला:
माझं उलटं झालतं. कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं केलं, रात्री लाईटला किडे, मोबाईलवर नोटिफिकेशनचा पाऊस. वैतागून नोटिफिकेशनच बंद केलं आणि त्याच आठवड्यात दारातली सायकल गेली. रेकॉर्डिंग झकास आलंय, चोर लंगडत चालतोय ते पण दिसतंय 😀

पंचगंगाकाठचा:
आमच्याकडं बघा, पंचगंगेच्या पुराचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. ३९ ला आम्ही सामान माळ्यावर टाकतो, जनावरं हलवतो, ४३ जवळ आलं की घर सोडायचं. तिसाव्या फुटालाच भोंगा वाजवला असता तर २०१९ च्या महापुराला कोण हललं नसतं. तुम्ही पण दोन टप्पे करा की, एक सेन्सर लागला तर फक्त मोबाईलवर कॉल, दोन्ही लागले तरच हूटर.

वायरमन_उद्यमनगर:
बरोबर बोललात काका. दोन्ही सेन्सर लागले तरच वाजायचं, त्याला क्रॉस झोन म्हणतात, पॅनलमध्ये (अलार्मच्या मुख्य डब्यात) हाय का बघ. फक्त दोन्ही सेन्सर एकाच जागेवर बघणारे पाहिजेत, एक दारात आणि एक मागच्या खोलीत असला तर चोर एका खोलीतच काम उरकून जाईल.

लक्ष्मीपुरीकर:
आज झाकण काढलं. मागच्या सेन्सरात पालीची दोन अंडी!! म्हणजे बिचाऱ्या मांजरावर उगंच आळ घेतला की काय, पण ते पण थप्पीवर असतंयच. वायर यायचं भोक सिलिकॉननं बुजवलं, जंपर २ वर, पोरग्याला आडवं-सरळ दोन्ही चालवून बघितलं, लाईट पेटत्या. पॅनलमध्ये क्रॉस झोन सापडलं, पण एक सेन्सर लागल्यावर दुसरा किती सेकंदात लागला पाहिजे, ते किती ठेवू? आता ३० हाय.

वायरमन_उद्यमनगर:
गोडाऊन केवढं हाय? स्वतः चोरासारखं थप्पीआडनं हळूहळू जाऊन बघ, दोन्ही लाईटी पेटायला जेवढा वेळ लागंल त्याच्या दुप्पट ठेव.