एमएसडब्ल्यूसाठी 3 लाखांचं कर्ज: सातारा-सांगलीच्या पगारात हप्ता बसेल का?

मंडळी, मदत हवी आहे. भाचीला साताऱ्यात राहून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचंय. हिशोब असा मांडलाय: 10 टक्के व्याज, दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला दीड-दीड लाखाची उचल. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजानंच 75 हजार चढतात. मग पावणेचार लाखांवर 7 वर्षांचा हप्ता साधारण 6,225. तेच व्याज दरमहा भरत गेलं (पहिल्या वर्षी 1,250, नंतर 2,500) तर हप्ता 4,980 वर येतो. कितीही ओढाताण झाली तरी हे व्याज भरावंच, असं माझं मत.

खरी काळजी पगाराची. हातात 18 हजार धरले तर मोठा हप्ता तिसऱ्या हिश्शाहून जास्त खातो. त्यात संस्थांमधली बरीच कामं प्रकल्पापुरती. निधी संपला की पगार बंद, हप्ता मात्र चालूच.

सातारा, कराड, सांगली-मिरजेत काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं: पीएफ कापून सुरुवातीला हातात किती पडतात? मिरजेच्या दवाखान्यांत वैद्यकीय समाजसेवक किंवा साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी व्हायचं तर कुठलं स्पेशलायझेशन घ्यावं? आणि फिल्डवर्कचा एसटी खर्च कर्जात धरायला कॉलेजच्या खर्चपत्रकात तो वेगळा लिहून घ्यावा लागतो का?