‘पुत्’ नरकाचे उत्तर बरोबर मानावे का?

चौकस :

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आमच्या भागातल्या एका वाचनालयात शब्दांच्या उगमावर प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न काढण्याचे आणि उत्तरे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्यात दोन गुणांचा एक प्रश्न होता : ‘पुत्र’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगा. एका संघाने तत्काळ उत्तर दिले की, ‘पुत्’ नावाच्या नरकातून जो तारतो तो पुत्र. मी शून्य गुण दिले, आणि त्यावरून सभागृहात जो वाद झाला तो चहाच्या टेबलावरही मिटला नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

हे उत्तर त्या संघाने मनाने रचलेले नव्हते, हे मला मान्य आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात १३८ वा श्लोक हेच सांगतो. परंतु अवेस्तेच्या, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या, भाषेत मुलाला ‘पुथ्र’ म्हणत, इटलीतल्या प्राचीन ऑस्कन भाषेत ‘पुक्लुम’ म्हणत, आणि हे सारे एकाच शब्दाचे वंशज आहेत. इराणातले ‘शापूर’ हे राजांचे नाव, जे आपल्याकडच्या पारशी कुटुंबांत आजही ठेवले जाते, त्याचा अर्थ ‘शहाचा पुत्र’ असा आहे. (आसनगावाजवळच्या शहापूरशी त्याचा संबंध जोडू नये, तिथला ‘पूर’ गावाचा आहे.) इराणी किंवा ऑस्कन लोकांना ‘पुत्’ नावाचा नरक ठाऊक असण्याचे कारण नाही. शब्द आधीचा आहे आणि नरक नंतर, बहुधा त्या शब्दाची फोड करतानाच, निर्माण झाला आहे. मग जे उत्तर कालक्रमाच्या साध्या कसोटीला उतरत नाही, त्याला केवळ ते जुन्या ग्रंथात आहे म्हणून गुण द्यावेत का? माझे मत : देऊ नयेत.

शास्त्रीबुवांची नात :

चौकस यांचा भाषाशास्त्राचा भाग बरोबर आहे, पण निर्णय अन्यायाचा आहे असे मला वाटते. प्रश्नात ‘व्युत्पत्ती’ हा शब्द वापरला होता आणि त्या शब्दाला आपल्या परंपरेत तुलनात्मक भाषाशास्त्राच्या आधीपासूनचा अर्थ आहे. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता यास्क याने ‘पुत्र’ शब्दाची तीन निर्वचने, म्हणजे फोड करून सांगितलेले अर्थ, दिली आहेत : जो पुष्कळ रक्षण करतो तो, ‘निपरण’ म्हणजे पिंडदान करतो म्हणून तो, किंवा ‘पुत्’ नरकापासून तारतो म्हणून तो. पहिल्यानंतरच्या प्रत्येक पर्यायाला तो ‘वा’ म्हणजे ‘किंवा’ जोडतो. हे ‘वा’ लक्षात घेतले म्हणजे कळते की, शब्दाची जन्मतारीख ठरवणे हे त्याचे काम नव्हतेच. शब्दात किती अर्थ उभे राहू शकतात हे तो दाखवत होता. ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, म्हणजे निर्वचन केल्यावाचून राहूच नये, हा त्याचा दंडक होता.

आणखी एक. महाभारताच्या आदिपर्वात हाच श्लोक शकुंतलेच्या तोंडी आहे. भर सभेत दुष्यंत ओळख नाकारतो आहे, मुलगा शेजारी उभा आहे, आणि ती राजाला सांगते की, ‘पुत्’ नावाच्या नरकापासून पित्याला तारतो म्हणूनच स्वयंभूने म्हणजे ब्रह्मदेवाने त्याला पुत्र म्हटले. त्या क्षणी ती कोशातली माहिती देत नव्हती, मुलाचा हक्क मागत होती. त्या संघाने दोन हजार वर्षांची एक विचारपद्धती उत्तरादाखल ठेवली आणि तिला शून्य मिळाले, हे काही मला पटत नाही.

उंबरठा :

शकुंतलेचा दाखला सुंदर आहे, पण मला तो चौकस यांच्याच बाजूचा वाटतो. वकिली युक्तिवाद आणि पुरावा यांतला फरक त्या प्रसंगात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसत असेल.

या निर्वचनांना निरुपद्रवी शब्दक्रीडा समजणाऱ्यांनी ‘विधवा’ हा शब्द तपासून पाहावा. आपण शाळेत शिकलो की ‘वि’ म्हणजे विरहित आणि ‘धव’ म्हणजे पती, म्हणून पतिविरहित ती विधवा. प्रत्यक्षात हा शब्द अखंड आहे. लॅटिनमध्ये तो ‘विदुआ’ आहे, इंग्रजीत ‘विडो’, रशियनमध्ये ‘व्दोवा’ आणि फारसीत ‘बेवा’, ज्यातल्या ‘बे’कडे पाहून कोणालाही ‘बेघर’मधला ‘बे’ आठवावा. यांपैकी एकाही भाषेत उरलेल्या तुकड्याचा अर्थ नवरा असा होत नाही. संस्कृतात मात्र सुरुवातीचा ‘वि’ उपसर्गासारखा दिसला, तो काढला तेव्हा हातात ‘धव’ उरला, आणि त्या उरलेल्या तुकड्याला पती हा अर्थ देण्यात आला. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशापर्यंत येईतो तो इतका रुळला की ‘धवः प्रियः पतिर्भर्ता’ अशी नोंदच झाली. पुढे ‘सधवा’ही झाली. निरुक्तातही ‘विधवा’ शब्दाचे एकाहून अधिक खुलासे आहेत. चर्मशिरा नावाच्या आचार्याने तर सैरावैरा धावण्यावरून तो शब्द आल्याचे म्हटल्याची नोंद यास्क करतो. म्हणजे त्या काळीही ‘धव’ हा एकमेव खुलासा नव्हता. तरी टिकला तो तोच, कारण त्याच्यात समाजाला हवे असलेले वाक्य होते : स्त्रीची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून. चुकीची फोड येथे एक नवा शब्द आणि त्याबरोबर एक जुनी समजूत, दोन्ही पक्के करून गेली. त्यामुळे परीक्षकाने कठोर असावे, या मताचा मी आहे.

शास्त्रीबुवांची नात :

समाजाची समजूत ‘धव’ या शब्दामुळे पक्की झाली हे मात्र जास्तीचे झाले. ज्या भाषांत तो तुकडा नाही त्या समाजांतही विधवांचे हाल झालेच की. शब्दाच्या फोडीवर इतके ओझे टाकू नये.

खडूफळा :

तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले असल्यामुळे या धाग्यात पडल्यावाचून राहवत नाही. दोन्ही बाजू यास्काला एकच मत असलेला माणूस समजून बोलत आहेत. निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात हा तुमचा वाद नोंदलेला आहे. शाकटायन या प्राचीन वैयाकरणाचे म्हणणे असे की सर्व नामे धातूंपासूनच बनलेली आहेत. गार्ग्य हा दुसरा आचार्य हे मानत नाही आणि त्याचे आक्षेप इतके तिखट आहेत की मी मुलांना ते फळ्यावर लिहून देत असे. वाट आक्रमितो म्हणून ‘अश्व’ म्हणायचे, तर वाट आक्रमिणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाहीत? टोचते म्हणून ‘तृण’ म्हणायचे, तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण का नव्हे? यास्काने उत्तर दिले की, लाकूड तासणारे पुष्कळ असतात पण ‘तक्षा’ सुतारालाच म्हणतात. भाषेचा व्यवहारच असा आहे, त्याचा दोष आमच्यावर का?

माझे विद्यार्थी नेहमी गार्ग्याच्या बाजूने हात वर करीत. मीही मनातून त्याच बाजूचा, पण यास्काचे उत्तर पळवाट नाही हे कबूल करावे लागते. तेव्हा ‘परंपरा विरुद्ध आधुनिक शास्त्र’ अशी जी मांडणी येथे होते आहे ती मला मान्य नाही. शंका घेणे हाही परंपरेचाच भाग होता. फक्त प्रश्नमंजूषेच्या पुस्तकांत शाकटायन छापला जातो आणि गार्ग्य गळतो.

आता ‘असुर’ घ्या. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात समुद्रमंथनाच्या प्रसंगी सांगितले आहे की, वारुणीचा म्हणजे सुरेचा स्वीकार करणारे ते सुर आणि न करणारे ते असुर. गंमत अशी की, या हिशेबाने मद्य नाकारणारे असुर ठरतात, आणि वर्गात हे सांगितले की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकत असे. पण ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे, तेथे तो शब्द सामर्थ्यवान प्रभू या अर्थाचा आहे, आणि इराणी ‘अहुर मज्द’मधला अहुर तोच. पुढे अर्थ पालटला, पहिला ‘अ’ नकाराचा वाटला, आणि तो काढल्यावर ‘सुर’ हा देववाचक शब्द मागाहून सापडला. ‘धव’ची आणि ‘सुर’ची कथा एकच आहे. तरीही ‘सुर’ हा शब्द खोटा आहे असे आज कोण म्हणेल? तो वापरून काव्ये झाली. चुकीच्या फोडीतून जन्मलेला शब्दही शेवटी शब्दच असतो. माझ्या मते त्या संघाला दोनपैकी एक गुण द्यायला हवा होता.

डोंबिवलीकर :

संस्कृतात फार गुंतलात म्हणून थोडे घराजवळ येतो. खोट्या व्युत्पत्तीचा मक्ता काही जुन्या ग्रंथांकडेच नाही. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बोम बाइया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आले, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ठोकून दिलेले असते, आणि सांगणाऱ्याचा सूर पाहावा तर मुंबादेवीला मानणारे भाबडे व आपण तेवढे शास्त्रीय असा असतो. पण पोर्तुगीज भाषेत ‘बाइया’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. त्याला विशेषण ‘बोआ’ लागेल, ‘बोम’ नव्हे. आपल्याकडे ‘चांगला नदी’ म्हटल्यासारखे ते आहे. पोर्तुगीज लोक स्वतःच्या भाषेत अशी चूक करून गावाला नाव देतील हे संभवत नाही. उलट मुंबादेवीवरून ‘मुंबई’ हा खुलासा साधा आहे आणि नावाच्या देशी रूपाशी जुळतो. म्हणजे येथे भाबडी मानली गेलेली बाजूच अधिक भक्कम निघते.

उलट उदाहरण विठ्ठलाचे. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, हे वारकऱ्याच्या कानाला इतके गोड लागते की त्याबद्दल वाद घालावासा वाटत नाही. पण रा. गो. भांडारकरांनी तो शब्द ‘विष्णू’च्या कानडी रूपावरून, ‘विट्टू’वरून, आल्याचे मांडले. होयसळ राजा विष्णुवर्धन याला ‘बिट्टिदेव’ म्हणत, यावरून असा बदल कानडीत घडत होता हे दिसते. मला भांडारकर पटतात. तरी आषाढीला कोणी मला विठ्ठल शब्दाचा अर्थ विचारला तर मी वीटच सांगेन, आणि त्यात मी खोटे बोललो असे मला वाटणार नाही.

चौकस यांना विनंती : पुढच्या खेपेस ‘बोम बाइया’ लिहिणाऱ्यालाही तितक्याच निष्ठुरपणे शून्य द्यावे.

चौकस :

देईन, निश्चितच. डोंबिवलीकर यांचा मुद्दा मला लागला, कारण माझ्याच प्रश्नसंचात तीन वर्षांपूर्वी ‘बोम बाइया’ बरोबर उत्तर म्हणून होते. वही काढून पाहिली. लाल शाईने टिकही मीच केलेली आहे.

खडूफळा यांच्या एका गुणाविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. यास्काने ‘वा’ म्हटले, संघाने म्हटले नाही. ‘मनुस्मृतीत असे सांगितले आहे’ एवढे चार शब्द उत्तरात असते तर मी दोन्ही गुण दिले असते. मात्र प्रश्नाची शब्दरचना सैल होती ही चूक माझी. पुढील वर्षी मी दोन वेगळे प्रश्न काढीन : मनूने ‘पुत्र’ शब्दाचे कोणते निर्वचन दिले, आणि त्या शब्दाचे इराणी भावंड कोणते.

शास्त्रीबुवांची नात :

दोन प्रश्नांची कल्पना मला मान्य आहे. तेवढ्यावर माझी तक्रार मागे घेते. पण ‘माधव’ शब्दावर प्रश्न काढणार असाल तर आधीच सावध करते. तुमचे अपेक्षित उत्तर ‘मधूच्या वंशातला’ असे असेल, आणि कोणी ‘मा’ म्हणजे लक्ष्मी व तिचा ‘धव’ तो माधव असे लिहिले की उंबरठा यांचा ‘धव’ पुन्हा दारात उभा राहील. ही दुसरी फोड विष्णुसहस्रनामावरच्या शांकरभाष्यात आहे, आणि तेथेच मधुविद्येने जाणला जातो म्हणून माधव असाही पर्याय आहे. आजोबांकडे ती पोथी शिकत असताना मी विचारले होते की एकाच नावाचे इतके अर्थ कशाला. त्यांनी पोथीतली तीन पाने उघडून दाखवली : ७२ वे नाव माधव, १६७ वे माधव, ७३५ वेही माधव. हजार नावांत एकच नाव तीनदा आले तर पुनरुक्तीचा दोष लागतो, म्हणून भाष्यकाराला दर वेळी नवा अर्थ उभा करावा लागतो. आता या तिन्हींपैकी कोणत्या माधवाला तुम्ही शून्य देणार, ते आधीच ठरवून ठेवा.