कुर्डुवाडी बार्शी लाईटने घडवली की अडवली?

माढेकर
काल इथे कुणीतरी लिहिलं की बार्शी लाईट, म्हणजे कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे, ही खेळण्यातली गाडी, आणि ब्रॉडगेज (रुंद रूळ) आधीच झालं असतं तर कुर्डुवाडी कुठल्या कुठे गेली असती. गप्प बसवत नाही. १८९७ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. बार्शीला जायचंय? इथे उतरा. एवढीच ओळख! गाव वाढलं ते दोन गेज, म्हणजे रुळांमधल्या दोन वेगळ्या रुंदी, इथे भेटल्या म्हणून. १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजवरचा डबा ७६२ मिमीच्या नॅरोगेजवर जात नाही, म्हणून प्रत्येक पोतं मालधक्क्यावर उतरणार आणि पुन्हा चढणार. हमाल, गाडीवान, खाणावळी सगळं त्यावर उभं राहिलं.

भुसार पेठ, बार्शी
आणि त्या हमालीचा भार कुणावर? आमच्या पेठेवर. ब्रॉडगेजच्या एका डब्यातला माल नॅरोगेजच्या एका डब्यात मावत नाही. उरलेली पोती धक्क्यावर पडून. हमालाच्या आकड्याने पोतं फाटतं, करडई गळते, वजनात तूट येते, अवकाळीत गुळाला पाणी सुटतं. दुसऱ्याच्या खोळंब्यावर गाव मोठं झालं, हे कौतुक आम्हाला सांगू नका.

पाच टन
खोळंब्याचं मान्य, पण 'खेळण्यातली' हा शब्द मागे घ्या. ही लाईन बांधणाऱ्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने एकच नियम धरला होता: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणून दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ चालला. चार आसांचा डबा भरल्यावर २० टनांपर्यंत. इंजिनाला दांड्यांनी जोडून एकत्र फिरणारे चार आस आणि मागे दोन. एकाच आसावर जास्त वजन टाकलं की दोन स्लीपरांमधला रूळ वाकतो, सांधे बसतात. प्रश्न रुंदीचा नाहीच, आसावरच्या वजनाचा आहे. तरी १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज गाठली!

चाकघर
सगळे धक्क्यावरच अडकलात. कुर्डुवाडीचा स्वभाव वर्कशॉपने ठरवला. नॅरोगेजचा डबा स्वतःच्या चाकांवर मुंबईला दुरुस्तीला जाऊच शकत नव्हता, म्हणून कारखाना इथेच लागला. चाकांचंच काम बघा. डब्याखालच्या सांगाड्यातून चाकांची जोडी काढायची, लेथवर चढवायची, चाकाला रुळावर धरून ठेवणारी झिजलेली कड पुन्हा आकाराला आणायची. एका आसावरच्या दोन्ही चाकांचा व्यास सारखा हवा. फरक राहिला तर जोडी लहान चाकाच्या बाजूला सरकते, त्याच चाकाची कड रुळाला घासते, आणि कड पातळ झाली की गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर चाक रुळावर चढायचा धोका. ही नजर असलेले फिटर-टर्नर या गावाने पिढ्यानपिढ्या तयार केले. हमालीपुरतं गाव म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

माढेकर
अपमान कुणी केला? मी मालधक्क्याबद्दल बोलत होतो.

चाकघर
वर्कशॉपचा एक शब्दही लिहिला नाहीत, हाच अपमान.

भुसार पेठ, बार्शी
चाकांचं पटलं. हमालीचं नाही पटलं, पटणारही नाही. १९५४ ला लाईन सरकारने घेतली, आणि लातूरची बाजू ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं. ५४ वर्षं! तेवढा काळ पोती उतरवत-चढवत बसलो, त्याचं उत्तर 'पाच टन' यांनी द्यावं.

पाच टन
त्याचं उत्तर कॅलथ्रॉपकडे मागू नका, रुंदीकरण इतकी वर्षं लांबवणाऱ्यांकडे मागा. त्याने बांधलेली लाईन त्या मालाला पुरत होती.