मोडीत घालण्याआधी: जुन्या भांड्यांची आणि दागिन्यांची कारागिरी कशी ओळखायची?

नौपाडकर

इमारत पुनर्विकासाला जातेय, दोन महिन्यांत माळा रिकामा करायचा आहे. तांब्याचं घंगाळ, दोन समया (एक डुगडुगते), काशाच्या म्हणून सांगितलेल्या चार वाट्या, ताम्हन, मोराच्या आकाराचा अडकित्ता. डब्यात एक बोरमाळ, एक तुशी आणि मोत्यांची नथ. हॉलमार्क कशावरच नाही.

मोडवाला सगळं पितळ म्हणून एकाच भावाने किलोवर मागतोय आणि सराफ म्हणतो आटवून नवीन घडवा. यातलं कुठलं काम आज पुन्हा करून मिळणार नाही, हे आधी समजून घ्यायचं आहे. नेमकं काय आणि कुठे बघायचं? साफ करावं की आहे तसंच ठेवावं?

ठोका

आधी सगळं उलटं करून ठेवा. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. कारागिराचा हात बघायचा तर तळ, जोड आणि काठाची आतली बाजू बघा.

घंगाळाच्या पोटावरून नख फिरवा. जुन्या कामात दोन पत्र्यांच्या कडा दात्यांसारख्या कापून एकमेकांत अडकवलेल्या आणि पितळेच्या डाखाने (जोड भरायला वितळवलेल्या धातूने) झाळलेल्या असतात. लाल तांब्यावर फिकट पिवळी नागमोडी रेघ दिसते ती हीच. दात्यांमुळे जोडाची लांबी वाढते, पकड घट्ट बसते आणि वर ठोके पडले तरी जोड उकलत नाही. दाते सारखे आणि रेघ केसासारखी बारीक असेल तर ते घंगाळ मोडीत द्यायचं नाही, हे माझं ठाम मत.

मग मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा. खिडकीशी तिरपं धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीचं मठारकाम प्रसिद्ध आहे. त्यात एका ठोक्याची कड दुसऱ्याला भिडते, मध्ये सपाट जागा सुटत नाही. ओळी गोल फिरत काठापर्यंत जातात आणि वळणावर ठोका आपोआप लहान होतो. साच्यात दाबलेल्या नकली मठारात तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि पातळ पत्रा असल्याने आतल्या बाजूला उंचवटे हाताला लागतात. खऱ्या कामात भांडं आतून लोखंडी आधारावर ठेवून बाहेरून ठोकतात, त्यामुळे आतली बाजू बरीचशी गुळगुळीत राहते. शिवाय मठार निव्वळ नक्षी नाही. झाळताना तापून मऊ पडलेलं तांबं ठोक्यांनी पुन्हा कडक होतं, म्हणून बेताच्या जाडीचा पत्राही पाण्याने भरल्यावर पोटात वाकत नाही.

वाट्या काशाच्या आहेत का ते वाजवून बघा. वाटी तीन बोटांच्या टोकांवर ठेवा आणि लाकडी डावाने काठावर हलकेच टिचका. काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा लवकर बसतो. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथिल. ते थंड असताना ठिसूळ असतं, म्हणून तापवून ठोकावं लागतं आणि म्हणूनच हातातून पडलं की तडकतं. नाद बद्द आला तर काठाजवळ केसासारखी चीर शोधा. कासं पितळेच्या भावाने देऊ नका, त्याचा भाव पितळेपेक्षा बराच जास्त असतो.

समई: पहिल्यांदा चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर फक्त पितळेचा मुलामा. नंतर बैठक उलटी करून ठोका. आवाज मातीच्या मडक्यासारखा आला तर पोकळ बैठकीत वजनासाठी काहीतरी भरलेलं आहे. तबकात तेल घालून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. ओतकामात हवा अडकली की सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, ती पाण्याने कळत नाहीत, तेल मात्र झिरपतं. चांगल्या समईचे भाग आट्यांवर सहज फिरतात आणि पूर्ण बसल्यावर जोडाची रेघ नक्षीच्या खाचेत लपते.

नाव घातलेलं असेल तर तेही बघा. हाताने घातलेली अक्षरं छिन्नीच्या तुटक टिंबांची असतात, प्रत्येक टिंबाची खोली थोडी वेगळी. विजेच्या पेनाने घातलेलं नाव एकाच थरथरत्या रेघेचं असतं.

आणि कशालाही मशीनचं पॉलिश मारून घेऊ नका. बफच्या चाकाने नक्षीच्या कडा गोल होतात, मठार पुसट होतो, नाव जातं. जे बघायचं तेच नाहीसं होतं.

खाडीपलीकडे

दागिन्यांचं मी सांगते. दहापट दिसणारं भिंग घ्या आणि पांढऱ्या कापडावर ठेवून बघा.

बोरमाळेत मणी भरीव, पोकळ की लाखेचे, हा पहिला प्रश्न. लाखेच्या मण्यात सोन्याचा पातळ पत्रा वर आणि आत लाख असते. भोकाशी भिंगातून बघितलं की तपकिरी लाख दिसते. म्हणूनच सराफ वजन सांगेल तेव्हा लाखेसकट किती आणि निव्वळ सोनं किती, हे दोन्ही लिहून मागा. हे मणी उकळत्या पाण्यात, वाफेत किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका: लाख मऊ पडते आणि पत्रा चेपतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे सॅनिटायझर आणि अत्तरही लांब ठेवा. चेपलेला लाखेचा मणी पूर्ववत करणं फार अवघड, तेव्हा तो आहे तसा सांभाळणं बरं.

तुशीत मण्यांच्या रांगा बघा. टेबलावर सपाट पसरली की मण्यांचे माथे एका पातळीत यायला हवेत आणि वळवल्यावर मधला दोरा दिसता कामा नये. प्रत्येक मणी दोन अर्ध्या वाट्या जोडून केलेला असतो. जोडाची रेघ कुठे आणि किती रुंद, यावर कामाची प्रत ठरते. चांगल्या तुशीत ती रेघ भोकाच्या दिशेने वळवून लपवतात. मण्यावर सोन्यापेक्षा फिकट ठिपके दिसले तर डाख बाहेर सांडलेला आहे. गोंड्याचा दोरा पिवळा, कडक झाला असेल तर दागिना गळ्यात घालण्याआधी पटवेकऱ्याकडून (दागिने गुंफणाऱ्याकडून) गाठवून घ्या. सोनं शंभर वर्षं टिकतं, दोरा टिकत नाही, आणि तुशी तुटते ती नेमकी लग्नाच्या गर्दीत.

नथीचं वेगळं आहे. मोती एकमेकांवर हलकेच घासले की खऱ्याला बारीक रवाळपणा जाणवतो, काचेचा गुळगुळीत सरकतो. भोकाशी रंगाची पापुद्री सुटली असेल तर तो नकलीच. संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम गाभा घालून वाढवलेल्या) मोत्यात भोकाच्या आत गाभा आणि वरचा थर यांच्यामधली रेघ कधी कधी दिसते. नैसर्गिक की संवर्धित हे खात्रीने फक्त प्रयोगशाळेतल्या एक्स-रेवरून ठरतं, दुकानात डोळ्याने बघून सांगणाऱ्यावर विसंबू नका. कारागिरी मात्र मागच्या बाजूला दिसते. तारेची शेवटची टोकं आत वळवून बसवली आहेत का? गालावरून उलटी फिरवा, कुठेही टोचता कामा नये. मोत्यांचे आकार कडेपासून मध्यापर्यंत क्रमाने वाढत गेलेले दिसले तर निवडणाऱ्याने वेळ दिला आहे.

हॉलमार्क नसला म्हणून जुना दागिना खोटा ठरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (दागिन्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाशिवाय) सोन्याचा नवा दागिना विकता येत नाही. तो नियम विक्रेत्यासाठी आहे, घरातल्या डब्यासाठी नाही. शुद्धता कळायला हवी तर बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या) तपासणी केंद्रात तपासून घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी केंद्रं आहेत, बीआयएस केअर ॲपवर यादी मिळते. तिथलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी कस मोजणारं) फक्त वरचा अतिशय पातळ थर वाचतं, त्यामुळे मुलामा असला तर आकडा फसवा येतो. तपासनिसाला दोन-तीन ठिकाणी वाचायला सांगा, त्यातलं एक ठिकाण कडीच्या झिजलेल्या भागाचं. २२ कॅरेट म्हणजे ९१६, हजारात ९१६ भाग सोनं. जुन्या दागिन्यात जोडावर आकडा कमी येतो, कारण डाख वितळायला हलक्या कसाचा लागतो. तेवढ्यावरून सगळा दागिना हलका ठरवू नका.

आटवण्याबद्दल माझं मत सरळ आहे: तुशीची घडणावळ आज पुन्हा भरायची तर सोन्याच्या भावावर किती जाते ते सराफाकडून कागदावर घ्या, मग ठरवा.

पळीपंचपात्र

ठोका यांचं बाकी सगळं मान्य, पण साफच करू नका असा अर्थ कुणी काढू नये. खाडीच्या दमट, खारट हवेत वाशी-कोपरखैरण्याला काय किंवा ठाण्याला काय, तांब्या-पितळेवर हिरवे डाग पडतात, आणि ते ओलसर राहिले की धातू खात जातात. ते काढायलाच हवेत.

चिंच आणि मीठ चालेल, पण घड्याळ लावून. दोन-तीन मिनिटं चोळा, भरपूर पाण्याने धुवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरडं करा. पितळेवर आंबट जास्त वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि गुलाबी-लाल चट्टे उमटतात. ते डाग नसतात, वर उरलेलं तांबं असतं, आणि कितीही घासलं तरी पितळ परत येत नाही. नक्षीत मऊ दातांचा ब्रश. तारेची घासणी नाही.

स्वयंपाकात वापरायचं असेल तर कल्हई हवीच, नाहीतर ताक, आमसूल, चिंच कळकतं. कल्हईवाल्याकडे उभं राहून बघा. भांडं आतून घासून लख्ख करतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो (पांढरा धूर येतो, तोंड बाजूला घ्या), कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाने झरझर फिरवतो. कथिल २३२ अंशाला वितळतं. भांडं कमी तापलं तर गोळे राहतात, घासण्यात चिकटपणा राहिला तर तिथे कथिल धरतच नाही. काठाखाली आणि तळाच्या कोपऱ्यात पिवळे-लाल ठिपके उरलेत का ते तिथेच टॉर्चने बघा. कांडी शुद्ध आहे का हे कानाने कळतं. कानाजवळ वाकवली की करकर आवाज येतो, शिसं मिसळलेली गप्प वाकते. शिशाची कल्हई खाण्याच्या भांड्याला अजिबात नको. आणि कल्हई केलेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, मिनिटा-दोन मिनिटांत कथिल ओघळून तळाशी जमतं.

डोळा तयार करायचा असेल तर भायखळ्याला उतरून भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा, धातूकाम जवळून बघायला मिळतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे इतके आहेत की एक दिवस पुरत नाही.

नौपाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाट्या वाजवल्या. तिघींचा नाद लांब येतो, चौथी बद्द. अडकित्ता राहिला. मोर सुरेख आहे, पण पाती एकमेकींवर बसत नाहीत आणि खिळा ढिला आहे. धार लावून घेऊ का? आणि डुगडुगणाऱ्या समईचं काय करायचं?

ठोका

बद्द वाटी झाळायला देऊ नका, तापवली की चीर वाढते. कोरडं ठेवायला वापरा.

समईचे आटे घासलेटने धुवा. झिजलेले असतील तर सुती दोरा मेणात बुडवून आट्यांच्याच दिशेने दोन फेरे गुंडाळा आणि पिळून बसवा. एमसीलने चिकटवू नका, पुढे साफ करायला उघडता येत नाही.

अडकित्ता मिटून बल्बसमोर धरा. दोन पात्यांमधून उजेडाची पट्टी सारख्या जाडीची दिसली तर दोष फक्त खिळ्याचा. टोकाकडे रुंद होत गेली तर पातं वाकलं आहे. चांगल्या अडकित्त्यात मिटल्यावरही दांड्यांमध्ये बोटभर फट राहते, म्हणजे सुपारी फुटल्यावर हात चेमटत नाही. मोराची मान कुठे वळते तेही बघा. बहुधा अंगठा जिथे टेकतो तिथेच ती वळण घेते आणि पकड निसटत नाही.

खिळा घट्ट करताना खालचं टोक लोखंडावर टेकवा आणि वरून गोल तोंडाच्या हातोडीने हलके दोन ठोके द्या. उघडून बघा, पुन्हा दोन. जास्त घट्ट झाला तर खोबरेल तेलाचा थेंब टाकून वीस-तीसदा उघडझाप करा. पितळेतलं भोकच लांबट झालं असेल तर ठोकून उपयोग नाही, जाड खिळा घालून घ्यावा लागेल.

धार दगडावर हाताने, पाणी घालत, फक्त उताराच्या बाजूने. विजेच्या चाकावर देऊ नका. पातं पोलादाचं आहे, तापून निळी झाक आली की त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं, आणि मग दर आठवड्याला धार लावत बसावं लागेल.