‘लिटल विमेन’: बेथ जगते की मरते? कोणती प्रत घ्यावी?

पेठकर
सदाशिव पेठेतल्या वाचनगटात आठवीच्या मुली ‘लिटल विमेन’ ही मेग, जो, बेथ, एमी या चार बहिणींची कादंबरी वाचताहेत. प्रती अप्पा बळवंत चौकातून, काही जुन्या बाजारातून. काहींच्या पुस्तकात बेथ तापातून उठते आणि मेगचं लग्न ठरून गोष्ट संपते. काहींच्या पुस्तकात बेथ मरते! सगळ्यांना एकच प्रत द्यायची तर कोणती?

शेवटचं_पान
दोन्ही बरोबर. लेखिका लुइझा मे अल्कॉटने पहिला भाग 1868च्या मे ते जुलैमध्ये लिहिला. तो खपला म्हणून 1869मध्ये दुसरा आला. इंग्लंडमध्ये दुसरा भाग ‘गुड वाइव्ज’ नावाने वेगळा निघतो, त्यामुळे तिकडच्या प्रतींत बरेचदा पहिलाच असतो.
घेताना अनुक्रमणिका बघा. 23 प्रकरणं म्हणजे पहिला भाग, 47 म्हणजे पूर्ण. बेथ 40व्या प्रकरणात जाते. प्रकरणं 23हूनही कमी असली तर ती संक्षिप्त प्रत, ठेवून द्या. त्यांत बहिणींचा यात्रेकरूंचा खेळ सहसा कापतात, आणि मग जोला भेटणारा ‘अपॉलियन’ कोण, हे मुलींना कळत नाही. (तो जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या यात्रेकरूच्या कथेतला राक्षस, बहिणींचा खेळ त्यावरच बेतलेला. इथे तो जोचा राग.)

जुनी_छपाई
47 प्रकरणं असली तरी संहिता दोन आहेत. 1880च्या आवृत्तीत भाषा सोज्वळ केली. पहिल्या प्रकरणात आई घरी येते तिथे बघा: ‘स्टाउट’ असेल तर मूळ, ‘टॉल’ असेल तर 1880ची. तिसऱ्या प्रकरणात शेजारच्या लॉरी या मुलाचं नाक आधी ‘लाँग’, नंतर ‘हँडसम’. आधी तो जोएवढाच उंच, नंतर तिच्याहून उंच. बाजारात 1880चीच जास्त. मूळ मिळाली तर तीच घ्या, त्यातली ‘जो’ अधिक अस्सल आहे. पण गटात दोन्ही मिसळू नका, मोठ्याने वाचताना ओळी जुळणार नाहीत.

पेठकर
आभार! बेथ खरी होती का?

शेवटचं_पान
हो. अल्कॉटची धाकटी बहीण एलिझाबेथ. आई ज्या गरीब कुटुंबाला मदत करायची, तिथून 1856मध्ये स्कार्लेट फीवर (अंगावर लाल पुरळ येणारा संसर्गजन्य ताप) आला. त्यातून ती उठली, पण पूर्वीसारखी झालीच नाही. मार्च 1858मध्ये, 22व्या वर्षी गेली. म्हणजे दोन्ही भागांत मिळून तिचाच आजार आहे. वडिलांचं मात्र उलट: कादंबरीत ते अमेरिकेच्या यादवी युद्धावर जातात, प्रत्यक्षात लुइझाच 1862च्या डिसेंबरात परिचारिका म्हणून गेली आणि टायफॉइड घेऊन परतली.

जुनी_छपाई
मराठीतून वाचायचं असेल तर शांता शेळके यांचं ‘चौघीजणी’ घ्या. फक्त झेरॉक्स नको. अल्कॉट 1888मध्ये वारली, तिचं मूळ पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. शांताबाई 2002मध्ये गेल्या, अनुवादाचा हक्क 2062पर्यंत आहे.